डावीकडची चकती

फाउंड्रीत त्याला सगळे अर्धसुत्या म्हणत. लोखंड ओतण्याआधी त्याचा लाकडी साचा करावा लागतो, आणि असे साचे करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. बाकीचे साचेकार सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झालं तर कानाडोळा करत. हा अर्ध्या सुताच्या फरकासाठी दिवसभराचं काम मोडून पुन्हा करायला बसे. नाव चिडवायला म्हणून पडलं होतं, पण त्याला ते छातीवर लावलेल्या बिल्ल्यासारखं वाटायचं.

फाउंड्री बंद पडली तेव्हा हारतुरे, भाषणं असलं काही झालं नाही. फाटकावर एक कागद चिकटवला गेला, तो वाचून माणसं आल्या पावली परत गेली. अर्धसुत्या तेवढा आत जाऊन आपल्या पटाश्या फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

"आता माझंच काहीतरी सुरू करतो," तो बायकोला म्हणाला.

"काहीतरी म्हणजे काय?"

"लाकडाचंच."

"ते कळलं. तुम्ही शिवणकाम कराल असं मला वाटलंही नव्हतं," बायको म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. तिचा होकार असाच असे.

घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याने एक गाळा घेतला. पूर्वी तिथे कुणीतरी गाडी ठेवत असावं. फरशीवर तेलाचे दोन काळे डाग होते. जागा एवढीशी की करवत, लेथ आणि ड्रिल अशी तीन यंत्रं मांडली असती तर उभं राहायला त्याला गल्लीत जावं लागलं असतं. म्हणून कुणीतरी एका जुन्या पाचकामीबद्दल, पाच कामं करणाऱ्या यंत्राबद्दल, सांगितलं तेव्हा तो लगेच बघायला गेला.

पाचकामी त्याच्याहूनही वयाने मोठी होती. दोन जाड पोलादी नळ्या, खाटेच्या बाजूंसारख्या समांतर, आणि त्यांच्यावर पुढेमागे सरकणारं मोटरीचं डोकं. उजवीकडे दोन टोकांत लाकूड धरून फिरवलं की लेथ. तिथेच गोल पातं आणि टेबल बसवलं की करवत. नळ्या उचलून उभ्या केल्या की ड्रिल. पातं बदललं की खाचा पाडा. आणि डोक्याच्या डाव्या अंगाने आस थोडा बाहेर आलेला, त्यावर ताटाएवढी चकती, चकतीला पॉलिश पेपर चिकटवलेला. एका मोटरीवर एकाच वेळी उजवीकडे एकाने कातावं आणि डावीकडे दुसऱ्याने घासावं, अशी सोय होती.

यंत्र एका खराद्याचं, लाकूड कातणाऱ्याचं. तो दीड वर्षापूर्वी वारला होता. विकणारा त्याचा मुलगा, औषधांच्या दुकानात कामाला होता आणि त्याला तळमजल्यावरची ती मागची खोली रिकामी हवी होती.

"बाबा इकडे उभे राहायचे, आत्या तिकडे," मुलगा बोट दाखवत म्हणाला. "चाळीस वर्षं. मोटरीच्या पट्ट्याच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, त्यामुळे दोघं दिवसभर मुकी. बाबांना काही सांगायचं झालं तर पान्याने नळीवर दोनदा टकटक करायचे. की आत्या थांबलीच."

आत्या म्हणजे खराद्याची बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. सगळं घर तिला आत्या म्हणे, म्हणून शेजारीपाजारीही आत्याच म्हणत. हमाल यंत्र उचलत होते तेव्हा ती शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. अर्धसुत्याने दारातून नमस्कार केला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, नळ्यांकडे पाहिलं.

"चकती काढू नका," ती म्हणाली.

"नाही काढत," तो म्हणाला. त्याला काय, चकती लागणारच होती.

"त्यांचं वय झालंय, मनावर घेऊ नका," मुलाची बायको कुजबुजली. पण अर्धसुत्याला ती बाई वय झाल्यासारखी वाटली नाही. तिची पाठ ताठ होती. मांडीवरचे हात तेवढे म्हातारे होते, आणि ते रिकामे कसे ठेवायचे हे त्यांना माहीत नसल्यासारखे पडले होते.

पहिलं काम आलं ते एका फर्निचरवाल्याकडून. कपाटाच्या खणांना लावायच्या लाकडी मुठी, साठ नग. अर्धसुत्याने सकाळभरात वीसेक मुठी कातल्या. घासायचं काम त्याला कंटाळवाणं वाटे, म्हणून कातलेला माल त्याने डावीकडच्या पेटीत टाकला, गाळ्याला कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेला. जेवून, थोडं आडवं होऊन, चारला परत आला तर पेटीतल्या अकरा मुठी घासून तयार होत्या. नीट रांगेत, मान खाली करून मांडलेल्या.

त्याला वाटलं, बायको. तिच्याकडे दुसरी किल्ली होती.

"मी?" बायको म्हणाली. "मी भांडी घासत होते. तेवढं घासणं पुरे आहे मला."

परत येऊन त्याने एक मूठ उचलून बोटांत फिरवली. त्याने असं काम क्वचित पाहिलं होतं. कुठे रेघ नाही, कुठे खळगा नाही. त्याने मापून पाहिलं; अर्धा सूतही नाही, पाव सुताचाही फरक नव्हता. मग त्याने चकतीला हात लावला. चकती कोमट होती. बटण बंद होतं, वायर भिंतीतून काढून ठेवलेली होती, तशीच लोंबत होती. आणि डावीकडे फरशीवर भुशाचा ताजा थर होता, त्यात दोन पावलांएवढी जागा मोकळी.

 मग उरलेल्या नऊ मुठी त्याने स्वतः घासल्या. त्या तितक्या चांगल्या झाल्या नाहीत.

साचेकार माणूस. कुठलीही गोष्ट मापल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी त्याने प्रत्येक नगाच्या बुडाला पेन्सिलीने आकडा घातला, दाराच्या फटीत सुतळीचा तुकडा अडकवला आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा सुतळी जागच्या जागी होती. एक ते चौदा घासून झाले होते, पंधरावा अर्धवट होता. तिसऱ्या दिवशी तो जेवायला गेलाच नाही. दाराशी स्टूल टाकून पेटीवर डोळे लावून बसला. दोन वाजले, तीन वाजले, काही झालं नाही. गल्लीतून एक सायकल गेली. समोरच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला आणि बंद केला. साडेतीनला कंटाळून त्याने मोटर चालू केली, पेटीकडे पाठ केली आणि कातायला लागला.

तेव्हा ते त्याला ऐकू आलं. रिकामी मोटर एका सुरात गुणगुणते. चकतीवर लाकूड दाबलं की तिच्यावर ओझं येतं आणि तो सूर किंचित उतरतो. लाकूड काढलं की पुन्हा चढतो. अर्धसुत्याच्या हातातली पटाशी अजून लाकडाला लागलीही नव्हती. सूर उतरला. थोडा वेळ तसाच राहिला. चढला. पुन्हा उतरला. डावीकडे, त्याच्यापासून दोन हातांवर, कुणीतरी सवयीच्या हाताने एकेक नग चकतीला लावत होतं.

 मान वळवावी असं वाटत होतं आणि वळत नव्हती. शेवटी त्याने वळवली नाहीच. पटाशी लाकडाला लावली आणि समोर बघत कातत राहिला. माणसाला काय करावं हे सुचत नाही तेव्हा हात आपलं नेहमीचं काम करतात. संध्याकाळी पेटीत सव्वीस नग तयार होते.

पुढचे दिवस अर्धसुत्याने कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय आणि कुणाला. पहिले चार दिवस भीती वाटली, मग भीतीची सवय झाली, आणि सवय झालेली गोष्ट माणूस घरातल्या फडताळासारखी वापरायला लागतो. दुपारी दोन ते चार डावीकडून मदत यायची. त्याने तिकडे पाहायचं नाही, एवढीच अट. तो हळूहळू तिच्याशी बोलायलाही लागला. "या लाकडाला रेषा उलट्या आहेत हां," असं तो समोर बघत म्हणायचा. उत्तर येत नसे, पण पुढचा नग बरोबर रेषेच्या दिशेने घासलेला असे.

एकदा तो टेबलाचा पाय कातत होता आणि नळीवर दोनदा टकटक झाली. स्पष्ट, पान्याने केल्यासारखी. त्याने विचार न करता बटण दाबलं. यंत्र थांबल्यावर पाहिलं तर पटाशी टेकवायच्या पट्टीचा बोल्ट सुटत आला होता. आणखी दोन फेऱ्यांत पट्टी फिरत्या लाकडाखाली सरकली असती, पटाशी आत ओढली गेली असती आणि मागून हात. त्याने बोल्ट आवळला. 

"उपकार झाले," तो डावीकडे तोंड न करता म्हणाला.

काम वाढलं. त्याच्या मालाची सफाई बघून फर्निचरवाला दुसऱ्या दुकानदाराला घेऊन आला. अर्धसुत्याने चारशे मुठींचं काम घेतलं, तेही अक्रोडाच्या लाकडात. अक्रोड त्याने कधी कातला नव्हता. आता डावीकडची पेटी पुरत नव्हती, त्याने तीन पेट्या ठेवल्या.

बायको त्याच्याकडे बघत होती. बायका बघतात तसं, न बघितल्यासारखं करून.

"तुम्ही हल्ली पेन्सिल डाव्या कानावर का ठेवता?" एक दिवस तिने विचारलं.

त्याने हात वर केला. पेन्सिल डाव्या कानावर होती. जन्मभर उजव्यावर ठेवली होती.

"आणि शीळ घालता. दातांतल्या दातांत."

"मी? मला शीळ येतच नाही."

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली.

अक्रोडाचं काम सुरू होऊन दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने आदल्या दुपारचा माल तपासायला घेतला. अक्रोड गडद तपकिरी असतो, त्यावर डाग पटकन दिसत नाही. पण एका मुठीच्या बुडाशी वेगळाच तांबूस ठसा होता. त्याने ओल्या कपड्याने पुसला तर कपडा लाल झाला. पुढच्या मुठीवरही होता. त्यापुढच्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, पण त्यात रेषा नव्हत्या. घासून घासून बोट गुळगुळीत झाल्यासारखा.

त्याने मुठी खाली ठेवल्या. ज्या गोष्टीकडे तो महिनाभर पाठ करून उभा होता, तिच्याकडे आता त्याला बघावं लागलं. मेलेल्या माणसाच्या बोटातून रक्त येत नाही.

त्या दुपारी त्याने गाळा उघडलाच नाही. पट्ट्याचं माप विचारायचं निमित्त करून तो खराद्याच्या घरी निघाला, पण अक्रोडाच्या भरलेल्या पेट्या गाळ्यात तशाच राहिल्या होत्या, हे त्याला वाटेत आठवलं. तो पावलं उचलून चालू लागला.

दार सुनेने उघडलं. नवरा कामावर होता. पट्ट्याचं माप तिला काय माहीत असणार. अर्धसुत्याने आत्यांची चौकशी केली तशी ती दारातच बोलायला लागली, जणू कुणीतरी विचारायची ती वाटच बघत होती.

"यंत्र गेल्यापासून बिनसलंय त्यांचं. पूर्वी दुपारी कधी आडव्या व्हायच्या नाहीत. आता जेवल्या की झोपतात, आणि झोप तरी कसली, हाका मारा, हलवा, चार वाजेपर्यंत डोळा उघडत नाहीत. आणि उठतात त्या दमून. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. बोटांची सालं निघाली तर म्हणाले, साबण बदला."

"बघू शकतो का मी त्यांना?"

सुनेने त्याला आत नेलं. खोलीत लोखंडी पलंग होता. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि आत्या उताणी झोपली होती. चेहरा शांत होता, पण हात जागे होते. छातीच्या वर, हवेत, दोन्ही हात न दिसणारी वस्तू धरून तिला हलकेच फिरवत होते, कशावर तरी दाबत होते, काढून बघत होते. एक हात बाजूला जाऊन ती वस्तू गादीवर ठेवून येई आणि दुसरी उचले. दहाही बोटांना पट्ट्या होत्या. काही पट्ट्यांतून लाल दिसत होतं.

"केसांत बघा," सून दबल्या आवाजात म्हणाली. "रोज विंचरते मी. रोज येतं."

पांढऱ्या केसांत बारीक भुसा होता. उशीवरही होता. तपकिरी, गडद. अर्धसुत्याने चिमटीत धरून वास घेतला. अक्रोडाचाच. शहरात त्या आठवड्यात दुसरं कुणी अक्रोड कातत असेल तर ते त्याला माहीत नव्हतं.

 तो पलंगाच्या पायथ्याशी टेकला. महिनाभर तो एका सत्तरीच्या बाईला कामाला जुंपत होता, आणि वर पेट्या वाढवत होता.

"अहो, उठत नाहीत त्या," सून म्हणाली, कारण तो खिशातून गाळ्याची किल्ली काढत होता.

त्याने किल्लीने पलंगाच्या नळीवर दोनदा टकटक केली.

हात हवेतच थांबले. मग सावकाश खाली आले. आत्याने डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय झालं?" ती म्हणाली. "हात कापला का?"

"नाही आत्या. कुणाचा कापला नाही. मी यंत्र नेणारा."

सुनेने पाणी आणलं. आत्या उठून बसली, पाणी प्यायली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

"मला वाटायचं स्वप्न असेल," ती म्हणाली. "पण स्वप्नात माणूस एवढा दमतो कुठे? आणि चारशे नग कुणी घेतं का रे एकदम? भाऊ दिवसाला चाळीसच्या वर एक करायचा नाही. लाकडालाही दम लागतो म्हणायचा."

"चुकलं माझं."

"आणि मानेला फार जाड ठेवतोस मुठी. बोट बसत नाही."

एरवी या वाक्यावर तो दोन दिवस झुरला असता. त्याने नुसती मान हलवली. मग आभार मानायचे राहिले आहेत असं वाटून तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही टकटक केलीत म्हणून माझा हात वाचला."

आत्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी कुठली टकटक करते? पाना उजवीकडे टांगलेला असायचा. टकटक करायचा तो भाऊ. मी कधी केली नाही, आयुष्यात नाही."

"पण उजवीकडे तर मी एकटाच उभा असतो," अर्धसुत्या म्हणाला.

"मला तिकडे भाऊच दिसतो," आत्या म्हणाली. "पेन्सिल डाव्या कानावर, शीळ चालू. तू मला एकदाही दिसला नाहीस. तू नेमका कुठे उभा असतोस?"

खोलीत ऊन होतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. अर्धसुत्याचा हात आपोआप कानाकडे गेला, आणि पेन्सिल तिथे आहे की नाही हे बघायचं धाडस न होऊन मध्येच थांबला.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं.  सगळं ऐकून ती म्हणाली, "उद्या आधी ते चारशेचं काम परत करा. मग त्या बाईंना गाळ्यात घेऊन या. जागेपणी. त्यांचं काम आहे, त्यांना करू दे. झोपेत राबवून घ्यायचं, हे काय आहे?"

दुकानदार चिडला, पण झालेले शंभरेक नग घेऊन गेला. आत्याची बोटं भरून यायला तीन आठवडे लागले. तोवर अर्धसुत्याने दुपारी यंत्राजवळ लाकडाचा कपटाही ठेवला नाही. डावीकडे घासायलाच काही नसलं म्हणजे आत्याची झोप साधी झोप असे, असं सून सांगे. मग एका मंगळवारी सकाळी सून तिला गाडीतून घेऊन आली.

आत्या गाळ्यात शिरली, सरळ चकतीपाशी जाऊन उभी राहिली आणि पॉलिश पेपरवरून तळवा फिरवला. अर्धसुत्या उजवीकडे आपल्या जागी जाऊ लागला.

"तू नको," ती म्हणाली. "तू बाहेर बस थोडा वेळ. लाकूड तेवढं लावून ठेव."

त्याने लेथवर लाकूड लावलं आणि दाराबाहेर येऊन बायकोजवळ पायरीवर बसला. आत मोटर सुरू झाली. सूर एकदा उतरला, म्हणजे आत्याने नग चकतीला लावला. मग आणखी एकदा उतरला, आणखी खाली. दोन ओझ्यांचा सूर अर्धसुत्याने झोपेतसुद्धा ओळखला असता. लाकडावर पटाशी चालल्याचा, साल निघाल्याचा लांबट आवाज आला. बायकोने त्याचं मनगट धरलं. सून आपल्या फोनकडे बघत राहिली. फोन बंद होता.

तासाभराने दोनदा टकटक झाली आणि मोटर थांबली. आत्या हात झटकत बाहेर आली.

"झालं," ती म्हणाली. "दमला तो." तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि कातलेल्या नगाची मान बारीक होती, बोट बसेल अशी.

वर्षभर ती मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिली. ती आली की दोन तास अर्धसुत्या पायरीवर बसे. बाकीचे दिवस यंत्र त्याचं, आणि त्या दिवसांत डावी बाजू गप्प असे. पेन्सिल उजव्या कानावर परत आली. पुढल्या थंडीत आत्या दोन दिवस तापाने आजारी पडली आणि गेली. सून रडली, खराद्याचा मुलगाही रडला. अर्धसुत्याने मंगळवारी लाकूड लावून ठेवलं, मोटर सुरू केली आणि बाहेर जाऊन बसला. सूर एकसारखा राहिला. दोन तास त्याने ऐकलं. मग आत जाऊन त्याने लाकूड काढलं. दोघंही गेली होती, आणि यंत्र आता नुसतं यंत्र होतं, असं त्याला वाटलं.

एकट्याने काम रेटेना. तेव्हा बायको म्हणाली, घासायचं मला दाखवा. तिला पंधरा दिवसांत हात बसला. ती डावीकडे, तो उजवीकडे. दिवसाला चाळीस नग, वर एक नाही. त्याचं बोलणं तिला पट्ट्याच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून त्यानेही नळीवर पाना वाजवायला सुरुवात केली, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. घरात बोलून भांडणारं जोडपं गाळ्यात न बोलता गुण्यागोविंदाने राहत होतं. दोन-अडीच महिने असे गेले, त्याच्या आयुष्यातले चांगले.

मग एका दुपारी बायकोचं डोकं दुखत होतं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आज तुम्ही पुढे व्हा, मी जरा पडते." तो एकटाच आला. सकाळचे नग डावीकडच्या पेटीत घासायचे राहिले होते. त्याने लाकूड लावलं, मोटर सुरू केली, पटाशी उचलली.

सूर उतरला.

 सूर चढला, पुन्हा उतरला. लय आत्याची नव्हती. आत्या नग लांब दाबायची आणि एकदाच. हा छोटा दाब, मग थांबणं, मग पुन्हा छोटा दाब. गेले दोन-अडीच महिने तो ही लय रोज आपल्या शेजारी ऐकत होता.

त्याने पटाशी टाकली, बटण दाबलं, कुलूप न लावताच पळत सुटला. दोन गल्ल्या. जिन्यात त्याचा श्वास फुलला होता. बायको पलंगावर उताणी झोपली होती, आणि तिचे दोन्ही हात छातीच्या वर हवेत होते.

त्याने हाका मारल्या नाहीत. भिंतीशी स्टीलचा डबा होता, त्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली. हात खाली आले. बायकोने डोळे उघडले आणि वैतागून त्याच्याकडे पाहिलं.

"उठवलंत कशाला?" ती म्हणाली. "तीनच राहिले होते."

त्याने तिचे हात हातात घेतले. पंजाच्या घड्यांत बारीक भुसा होता. तिनेही तो पाहिला, आणि मग ती पूर्ण जागी झाली.  मग त्याने पंचा ओला करून आणला आणि एकेक बोट पुसलं.

पाचकामी त्याने विकली नाही. कुणाला विकणार, आणि काय सांगून. त्याने ती सुटी केली; डोकं एका कोपऱ्यात, नळ्या दुसऱ्या, चकती गोणपाटात बांधून माळ्यावर. कामासाठी एक छोटा साधा लेथ आणला, एका माणसाचा. बायको स्टुलावर बसून हातानेच पॉलिश पेपर मारते. माल थोडा होतो, पण होतो.

दुपारी जेवण झालं की दोघं पत्ते काढतात. डोळे जड व्हायला लागले की एकमेकांना हलवतात, पाणी मारतात, जुन्या भांडणांची उकरून आठवण करून देतात. चार वाजेपर्यंत दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला झोपू देत नाही.